आग, दात आणि माती: सॅव्हानातली झाडं अशी का दिसतात?

दक्षिण आफ्रिकेत एक काटेरी झाड जिथे जावं तिथे भेटतं. शास्त्रीय नाव व्हॅचेलिया कारू. आपल्या बाभळीच्याच गोतावळ्यातलं: तशीच पिवळी गोंडेदार फुलं, तशीच बारीक पर्णिकांची पानं, तसेच जोडीजोडीने येणारे पांढरे काटे. इथे त्याला कारू बाभूळ म्हणू. पूर्वेकडच्या हलुहलुवे-इम्फोलोझी अभयारण्यात या झाडाचं कोवळं रूप म्हणजे गवतातून वर आलेली सरळसोट काठी. फांद्या मोजक्या, खोड बारीक, सगळा जोर उंची गाठण्यावर. तेच झाड आतल्या कोरड्या कारू पठारावर बघितलं तर ओळखू येऊ नये इतकं वेगळं. तिथे ते बुटकं, आडवं पसरलेलं, फांद्यांत फांद्या गुंतलेलं आणि काट्यांनी भरलेलं असतं.

सॅली आर्चिबाल्ड आणि विल्यम बाँड या दोन शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये या झाडाची मोजमापं प्रसिद्ध केली. त्यांनी सॅव्हाना (विरळ झाडांचा गवताळ प्रदेश), कोरडा झुडपी प्रदेश आणि जंगल अशा तीन ठिकाणची झाडं तपासली होती. आकारातला फरक कशातून येतो याचं उत्तर त्यांना तिथल्या संकटांत सापडलं. काठीसारखं झाड वणव्याच्या प्रदेशातलं, पिंजऱ्यासारखं झाड चरणाऱ्या जनावरांच्या प्रदेशातलं. जंगलात आगही नाही आणि तितकं चरणंही नाही. तिथे ओढाताण असते ती उजेडासाठी.

आग आणि चराई ही जोडी नीट समजली की सॅव्हानाचा निम्मा उलगडा होतो.

सॅव्हाना म्हणजे खाली सलग गवत आणि त्यात विरळ झाडं. पृथ्वीवरच्या जमिनीचा सुमारे पाचवा हिस्सा असा आहे. आफ्रिकेचा मोठा भाग, ब्राझीलचा सेराडो, उत्तर ऑस्ट्रेलिया, आणि आपल्याकडची माळरानं व गवताळ विरळ रानं हे सगळं त्यातच येतं. इथली बहुतेक गवतं उष्णतेत आणि भरपूर उन्हात झपाट्याने वाढणारी असतात. साधारण ८० ते ६० लाख वर्षांपूर्वी अशा गवतांनी जगभर मोठे प्रदेश व्यापले. पावसाळ्यात ही गवतं तरारतात आणि दिवाळीनंतर वाळू लागतात. मग सहा-आठ महिने जमिनीवर ज्वलनशील काडी पडून असते. झाडाला या गवतात जन्म घ्यायचा आहे आणि याच गवताच्या आगीतून बाहेर पडायचं आहे.

झाडं किती दाट होतील याची वरची मर्यादा कोरड्या भागात पाऊस ठरवतो. महेश शंकरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आफ्रिकेतल्या ८५४ ठिकाणांची माहिती एकत्र करून २००५ मध्ये दाखवलं की वर्षाला सुमारे ६५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस असेल तर झाडांचं छत जुळायला पाणीच पुरत नाही. त्याहून जास्त पाऊस असेल तर पाणी पुरतं, पण आग आणि जनावरं छत जुळू देत नाहीत. भरपूर पावसातही सॅव्हाना टिकतो तो यामुळे. पाऊस चांगला पडतो तिथे जंगलच असायला हवं, हा आपला समज इथे कोसळतो.

आता आगीकडे जरा सविस्तर बघू, कारण झाडांच्या अंगावर सर्वांत खोल ठसा तिचाच आहे.

गवताची आग वेगाने येते आणि वेगाने निघून जाते. एखाद्या खोडाशी ती काही सेकंद, फार तर मिनिटभर रेंगाळते. ज्वाळा माणसाच्या उंचीपर्यंत किंवा थोड्या वर पोचतात. म्हणजे झाडाचा शेंडा दोन-तीन मीटरच्या वर गेला की तो वाचतो. अडचण असते ती त्याआधीच्या वर्षांची. गुडघाभर किंवा कमरेएवढं रोप दर आगीत जमिनीपर्यंत जळतं. मूळ मात्र जिवंत राहतं आणि त्यावरून पुन्हा फुटवा येतो. पुढच्या आगीत तो जळतो. असं वर्षानुवर्षं चालतं. गवताच्या उंचीचं दिसणारं एखादं रोप खरं तर वयाने बरंच मोठं असू शकतं. खाली मनगटाएवढं मूळ असतं आणि वर बोटाएवढी काडी. शास्त्रज्ञ याला आगीचा सापळा म्हणतात. सुटकेचा मार्ग एकच: दोन आगींच्या मधल्या काळात मुळातला सगळा साठा एका खोडात ओतायचा आणि ज्वाळांच्या वर डोकं काढायचं. हलुहलुवेतल्या कारू बाभळीची काठी ही त्या धावपळीची खूण आहे. आडव्या फांद्यांवर खर्च केलेला प्रत्येक कण तिथे वाया जातो, कारण त्या फांद्या ज्वाळांच्या पट्ट्यातच राहणार.

दक्षिण आफ्रिकेच्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानात १९५४ पासून ठरावीक तुकडे ठरावीक अंतराने मुद्दाम जाळले जातात आणि काही तुकडे आगीपासून पूर्ण राखले जातात. जगातल्या सर्वांत दीर्घ चाललेल्या वणव्याच्या प्रयोगांपैकी हा एक. शेजारशेजारच्या तुकड्यांवर पाऊस तोच, माती तीच, तरी झाडांची ठेवण निराळी.

आगीवरचा दुसरा उपाय म्हणजे साल. खोडाच्या सालीखाली पेशींचा एक पातळ जिवंत थर असतो, त्यातूनच लाकूड आणि साल दोन्ही वाढतात. तो थर साधारण ६० अंश सेल्सिअसला तापला की मरतो. उष्णता तिथवर पोचायला लागणारा वेळ सालीच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सोपं गणित: साल दुप्पट जाड झाली तर संरक्षण चौपट वेळ टिकतं. आग मिनिटभरात निघून जाणार असेल तर थोडी जास्तीची साल जीवन-मरणाचा फरक करते. ब्राझीलच्या सेराडोत हे डोळ्यांनी दिसतं. तिथली झाडं वाकडीतिकडी, खोडावर बुचासारखी भेगाळलेली जाड साल. त्याच प्रजातीगटातलं नात्यातलं झाड शेजारच्या नदीकाठच्या जंगलात असेल तर त्याची साल पातळ आणि खोड सरळ. वाकडेपणाचं कारणही बऱ्याचदा आगच: शेंडा जळतो, बाजूचा डोळा फुटून पुढे चालू लागतो, तोही जळतो, मग तिसऱ्या दिशेने वाढ. प्रत्येक वळण म्हणजे एक जुना वणवा.

तिसरा उपाय मला सर्वांत विलक्षण वाटतो. काही झाडांनी वर यायचाच नाद सोडला. आफ्रिकेत पॅरिनारी क्युराटेलिफोलिया नावाचं मोठं, फळांचं झाड आहे. त्याचीच नातलग पॅरिनारी केपेन्सिस जमिनीवर जेमतेम वीतभर उंच दिसते, पण मातीखाली तिची लाकडी खोडं दूरवर फांद्या टाकत पसरलेली असतात. झाड आहे, लाकूड आहे, फांद्या आहेत. फक्त सगळं मातीच्या आत, आणि वर निघतात ते नुसते शेंडे. आग येते, वरचे शेंडे जातात, पुढे नवे येतात. वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रँक व्हाइट यांनी १९७६ मध्ये यांना आफ्रिकेतली भूमिगत जंगलं म्हटलं. आनुवंशिक अभ्यासातून असं दिसतं की अशी रूपं उत्क्रांतीच्या हिशेबाने अलीकडची, गेल्या कोटीभर वर्षांतली, आणि वेगवेगळ्या कुळांत स्वतंत्रपणे आलेली आहेत. श्रेय आगीला दिलं जातं. अंगोलाच्या उंच पठारावरचे काही अभ्यासक हिवाळ्यातल्या दंवालाही देतात.

हाच प्रकार सौम्य रूपात विदर्भातल्या कुणालाही ओळखीचा आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडे उन्हाळ्यात तेंदूपत्ता गोळा होतो. तेंदू, म्हणजे टेंभुर्णी, हे मुळात चांगलं उंच होणारं झाड. पण विडीसाठी लागणारं लुसलुशीत, रुंद, लवचीक पान उंच झाडाचं घेत नाहीत. ते घेतात गुडघाभर झुडपाचं. त्यासाठी उन्हाळ्याच्या तोंडाशी झुडपं छाटतात, आणि अनेक ठिकाणी आगही लावली जाते. छाटलेल्या किंवा जळालेल्या तेंदूच्या मुळांवरून जोमदार धुमारे फुटतात आणि त्यांना एकसारखी मोठी, कोवळी पानं येतात. शेजारी वीस-तीस फुटांवर उभं असलेलं मोठं झाड त्याच जातीचं, पण पान चिवट आणि चरचरीत. एकाच जातीची दोन रूपं, आणि त्यातल्या एकावर हजारो कुटुंबांचा उन्हाळा चालतो. पळसही तसाच. मुळांवरून धुमारे काढण्यात त्याचा हात धरणारं झाड विरळा, आणि म्हणून तोडलेल्या, जळलेल्या रानात पळसच पळस दिसतो.

आता दात. आग उंचीला बक्षीस देते. चरणारं जनावर मात्र कोवळा शेंडा खाऊन उंचीलाच शिक्षा करतं. कारू पठारावर गवत विरळ, त्यामुळे आग क्वचित. तिथे झाडाला धोका हरणांचा आणि शेळ्यांचा. म्हणून झाड आडवं वाढतं, फांद्या आतल्या आत गुंतवतं, काटे बाहेर ठेवतं. आतली पानं तोंडाला लागत नाहीत. हा पिंजरा पुरेसा रुंद झाला की त्याच्या मधोमध एक शेंडा असा उरतो की जिथे जनावराची मान पोचत नाही. तो शेंडा मग सरळ वर जातो. माणदेशात किंवा सोलापूरकडच्या माळावर शेळ्यांनी वर्षानुवर्षं कुरतडलेलं बाभळीचं वा हिवराचं झुडूप बघा. खाली घट्ट विणलेला काटेरी गोळा, आणि त्याच्या मधूनच एक मोकळा, कमी काट्यांचा बुंधा वर आलेला. राजस्थानात अरवलीच्या डोंगरांवर धावड्याचा एक भाऊबंद, अनोगायसस पेंड्युला, चराई जास्त असेल तर जमिनीला चिकटून चटईसारखा पसरतो. चराई थांबली की उभा राहतो.

काटा किती लांब काढायचा हेही झाड परिस्थिती बघून ठरवतं. केनियातल्या लैकिपियात १९९५ पासून एक मोठा प्रयोग चालू आहे. काही तुकड्यांना विजेचं कुंपण घालून हत्ती-जिराफ बाहेर ठेवले, काहींत फक्त गुरं आत सोडली, काही खुले ठेवले. तिथे व्हॅचेलिया ड्रेपॅनोलोबियम या एकाच काटेरी झाडाचं राज्य आहे. मोठी जनावरं बंद झालेल्या तुकड्यांत याच झाडांना नंतर आलेले काटे आखूड निघाले. म्हणजे काटा काढायलाही खर्च आहे, आणि गरज नसेल तर झाड तो वाचवतं.

याच झाडाच्या काट्यांच्या बुडाशी सुपारीएवढे पोकळ फुगवटे असतात आणि त्यांत मुंग्या राहतात. झाड त्यांना घर देतं, मधही देतं. मुंग्या पानाला तोंड लावणाऱ्याच्या नाकातोंडात घुसतात. फुगवट्यांना पडलेल्या भोकांतून वारा वाहिला की शिट्टी वाजते. २००८ मध्ये टॉड पामर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हत्ती-जिराफ बंद केल्यावर झाडाने घरं आणि मध दोन्ही कमी केलं. झाडांची चैन व्हायला हवी होती. झालं उलटं: रक्षण करणाऱ्या मुंग्या कमी झाल्या, त्यांच्या जागी झाडाला फारशा उपयोगी नसलेल्या मुंग्या आल्या, खोड पोखरणाऱ्या किड्यांना मोकळीक मिळाली, आणि झाडं हळू वाढू लागली, जास्त मरू लागली. ज्याच्यापासून बचाव करायचा तो शत्रू नाहीसा झाल्यावर बचावाची सगळी घडी विस्कटली.

लैकिपियात हे झाड जवळजवळ एकटंच का, याचं उत्तर मातीत आहे. तिथे आपल्या विदर्भ-मराठवाड्यासारखी काळी कापसाची माती आहे. पावसात फुगते, चिकट होते, पाणी धरून ठेवते. उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात आणि बारीक मुळं तुटतात. हे सोसणारी झाडं मोजकीच. आपल्याकडेही काळ्या रानात बाभूळ हटून उभी असते आणि मुरमाड उतारावर सालई, धावडा, खैर दिसू लागतात, त्यामागे हाच हिशेब आहे.

मातीचा खेळ उतारावर तर पावला-पावलाने बदलतो. ग्रॅनाइटच्या टेकडीवर माथ्याला वाळूमिश्रित, पोषणाला गरीब माती. चिकणमाती आणि क्षार पाण्याबरोबर वाहून खाली साठतात. क्रुगरमध्ये अशा टेकडीच्या माथ्यावर रुंद पानांची, बिनकाट्याची झाडं असतात आणि पायथ्याला बारीक पानांची काटेरी. कारण असं सांगतात: गरीब मातीत नवं पान उभं करणं महाग पडतं, म्हणून झाड ते तुरट, चिवट, खायला वाईट असं बनवतं. सुपीक मातीत पान स्वस्त आणि पौष्टिक, त्यामुळे जनावरं तुटून पडतात. मग पान बारीक करून त्याभोवती काटे उभे करणं परवडतं.

याचं सर्वांत सुंदर उदाहरण दक्षिण आफ्रिकेतल्या निल्स्व्हली इथलं. तिथे रुंद पानांच्या सॅव्हानात मधूनच बारीक पानांच्या काटेरी झाडांची बेटं आहेत. शोध घेतल्यावर कळलं की त्या जागी पूर्वी त्स्वाना लोकांच्या वस्त्या होत्या. गुरांचं शेण, राख, घरातला कचरा यांनी माती सुपीक झाली. वस्ती उठून काळ लोटला, गोठे मोडले, पण मातीत साठलेलं खत अजून आहे आणि झाडांना ते कळतं.

पाण्याबद्दल लोकांना बरंच ठाऊक असतं, म्हणून थोडक्यात. गोरखचिंच आपल्याकडेही काही गावांत, किल्ल्यांवर, दर्ग्यांजवळ दिसते. ती मूळची आफ्रिकेच्या सॅव्हानातली. तिच्या अवाढव्य खोडात मऊ लाकूड आणि भरपूर पाणी असतं. रोजच्या तहानेला ते वापरते असं वाटतं, पण तिच्या मादागास्करमधल्या भावंडांवरच्या अभ्यासात वेगळंच दिसलं: साठा खर्च होतो तो मुख्यतः पावसाच्या आधी नवी पालवी फोडायला. पहिला पाऊस येईल तेव्हा पानं तयार हवीत, एकही दिवस वाया जायला नको. आपल्याकडची अनेक रानझाडं ऐन चैत्र-वैशाखात पालवतात, त्यातही घाई हीच.

गवतंही ठेवण बदलतात, याकडे सहसा लक्ष जात नाही. टांझानियातल्या सेरेनगेटीच्या आग्नेयेकडच्या मैदानावर ओल्डोन्यो लेंगाई आणि आसपासच्या ज्वालामुखींची राख पडून कठीण चुनखडी थर तयार झालाय. झाडाचं मूळ त्यात शिरत नाही, म्हणून मैलोन्‌मैल झाड नाही. तिथे पावसाळ्यात दहा लाखांहून अधिक वाइल्डबीस्ट चरतात आणि गवत जमिनीलगत दाट विणलेलं राहतं. सॅम मॅकनॉटन यांनी १९८४ मध्ये याला चराईची हिरवळ असं म्हटलं. दाट असल्यामुळे जनावराला एका घासात जास्त पाला मिळतो, आणि वाढीचे डोळे जमिनीशी असल्यामुळे गवताचं फारसं बिघडत नाही. जनावरं थांबली तर उंच गवतं वाढून या हिरवळीला झाकून टाकतात.

आपल्या माळावरची कुसळी घ्या. दिवाळीनंतर मोज्यांत, धोतरात, मेंढ्यांच्या लोकरीत रुतणारं तिचं कुसळ हे खरं तर बी पेरायचं यंत्र आहे. बियाच्या टोकाला मागे वळलेल्या केसांचं तीक्ष्ण अग्र आणि वर लांब शेपूट. शेपटी कोरडी असली की दोरीसारखी पिळलेली असते. दवाने ओली झाली की पीळ उलगडतो आणि बी फिरतं. ओलं-कोरडं होत होत ते मातीत घुसतं. केस मागे वळलेले, त्यामुळे परत बाहेर येत नाही. काही मिलिमीटर माती अंगावर आली तरी पुरे. गवताची आग वरून निघून जाते आणि बी शाबूत राहतं. हातात एक कुसळ घेऊन त्यावर पाण्याचा थेंब सोडा, मिनिटभरात ते फिरताना दिसेल.

इथे एक प्रश्न उरतोच: हे सगळं झाड आयुष्यात शिकतं, की जन्मतः घेऊन येतं? दोन्ही. लैकिपियातल्या झाडांनी त्याच आयुष्यात काटे आखूड केले. उलट आपली रामकाठी बाभूळ घ्या. साधी बाभूळ पसरट डोक्याची. रामकाठीच्या फांद्या सरूसारख्या खोडाला धरून सरळ वर जातात. दोन्ही एकाच शिवारात, एकाच मातीत उभ्या असतात, तरी आपापला आकार सोडत नाहीत, म्हणजे फरक वंशातच आहे. तिची सावली थोडीच पडते म्हणून शेतकरी बांधावर रामकाठी राखतात.

ही सगळी माहिती महाराष्ट्रात फार जवळची आहे, आणि म्हणूनच एक गोष्ट खुपते. महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. तिथून पूर्वेला शंभर किलोमीटरच्या आत माणदेशात तो पाचशेच्या आसपास येतो. त्या कोरड्या पट्ट्यात हिवर, बोर, हेंकळ, तरवड आणि खाली कुसळी, मारवेल, शेडा ही गवतं, हे तिथलं नैसर्गिक रूप आहे. तरी सरकारी नोंदींत अशा जमिनीचा मोठा भाग पडीक म्हणून येतो आणि तिथे खड्डे खणून दाट झाडी लावायच्या योजना येतात. जयश्री रत्नम् आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मुद्दा मांडला की भारतात शुष्क पानझडी जंगल म्हणून ओळखली जाणारी अनेक रानं प्रत्यक्षात सॅव्हाना आहेत: खाली ऊन लागणारी गवतं, वर आग सोसणारी जाड सालीची झाडं. जाड साल आणि जमिनीतला गड्डा एका पिढीत तयार होत नाही. ही रानं नुसती उजाड झालेली जंगलं असती, तर त्यांच्याकडे हे कुठून आलं असतं? दाट सावली केली तर ही गवतं मरतात, त्यांच्याबरोबर माळढोक आणि तणमोराची जागा जाते, धनगरांची चराई जाते.

धोका फक्त खड्ड्यांचा नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड औद्योगिक काळापूर्वी दहा लाख भागांत सुमारे २८० होता, आता ४२० च्या वर गेलाय. दक्षिण आफ्रिकेत कारू बाभळीची रोपं वेगवेगळ्या प्रमाणांत वाढवून बघितली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात, प्राचीन काळासारख्या कमी प्रमाणात ती रोपं खुरटली आणि प्रमाण वाढवलं तशी मुळं जाड झाली, मुळातला स्टार्च वाढला. मुळातला साठा वाढला म्हणजे आगीनंतर काठी लवकर वर जाणार, सापळ्यातून सुटणारी रोपं वाढणार. आफ्रिकेच्या अनेक सॅव्हानांत झाडोरा दाट होत चालल्याचं जुनी आणि नवी छायाचित्रं शेजारी ठेवली की दिसतं, आणि त्यामागच्या कारणांत हे एक धरलं जातं. क्रुगरमध्ये म्हणून आता फक्त किती दिवसांनी जाळायचं एवढंच पाहत नाहीत. आग किती तीव्र असावी, कोणत्या महिन्यात लावावी, याचीही चाचपणी चालू आहे.